वर्धापनदिनाची स्मरणिका आणि नव्या मंडळीच्या नोंदवह्या : एका छापखान्याच्या कामाविषयी

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) १२५व्या वर्धापनदिनाची स्मरणिका, आणि त्याच उपासनेत स्वतंत्र मंडळी म्हणून घोषित होणाऱ्या शेजारगावच्या उपमंडळीसाठी बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या तीन नोंदवह्या, अशी दोन कामे आम्ही नगरमधील एका छापखान्याकडे सोपवली होती. पुढे तक्रारही करावयाची असल्याने छापखान्याचे नाव देत नाही.

नोंदवह्या उत्तम झाल्या. जाड लेजर कागद, जुजबंदी (पानांचे जुज दोऱ्याने शिवून केलेली) शिवण, कापडी पाठ आणि प्रत्येक पानावर छापील क्रमांक. मालकांनी आमची जुनी नोंदवही मागवून घेतली, रकाने पट्टीने मोजले आणि ‘शेरा’ हा रकाना दुप्पट रुंद करण्याचे स्वतःहून सुचवले. नव्या मंडळीतील पहिली बहुतेक कुटुंबे मातृमंडळीच्या बदलीपत्रावरच (सभासदत्व बदलल्याच्या पत्रावरच) येतात आणि ती नोंद शेऱ्यातच करावी लागते, हे त्यांनी आमची पाने वाचून ओळखले होते. विवाहाच्या वहीबाबत १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातील नमुना आम्ही दिला होता. त्यातील प्रमाणपत्राची जोडप्रत फाडून निबंधकाकडे पाठवावयाची असते, म्हणून छिद्ररेषा हवी होती. ती इतकी नेमकी पडली आहे की पाठीची शिवण न दुखावता जोडप्रत सुटते. पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) घोषणेनंतर वेदीवर ठेवलेल्या या वह्या पाहताना आमच्या वडीलमंडळींना स्मरणिकेचा विसर पडला, हे एका अर्थी बरेच झाले.

स्मरणिकेचा मजकूर आम्ही युनिकोडमध्ये दिला होता, तो छापखान्याने आपल्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेतला आणि रफार व रकार जागोजाग गळाले. पहिल्या प्रुफात ‘ख्रिस्ती’ हा शब्द सर्वत्र ‘खिस्ती’ झाला होता. आम्ही खूण केल्यावर ऑपरेटरने एकेक जागा न पाहता सगळे शब्द एकाच वेळी बदलले. त्यामुळे ज्या हरिपंत खिस्ती यांना रामकृष्णपंत मोडक यांच्यासमवेत १८५४ मध्ये अहमदनगरला पाळकपदाची दीक्षा मिळाली, त्यांचे आडनावही ‘ख्रिस्ती’ होऊन बसले. साऱ्या अंकात ‘खिस्ती’ जिथे हवे होते ती हीच एक जागा होती. १८३१ मध्ये नगरला सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याच्या इतिहासावर आम्ही चार पानांचा लेख मोठ्या हौसेने घेतला होता. त्यातच ही चूक राहावी, याचे वाईट वाटते.

दुसरी दुरुस्ती तर आमच्या नकळत झाली. छापखान्याच्या मुद्रितशोधकांनी ‘पाळक’ हा शब्द अशुद्ध समजून ‘पालक’ केला, आणि ‘पालकांचे मनोगत’ हे पान शाळेच्या वार्षिकांकातून आल्यासारखे दिसू लागले. अंतिम प्रुफावर सही माझीच असल्याने आडनावाच्या चुकीचा दोष मी पूर्णतः त्यांच्या माथी मारू शकत नाही. मात्र सही झालेल्या प्रुफानंतर एकही अक्षर बदलू नये, हा छपाईच्या धंद्यातील साधा नियम त्यांनी पाळला असता, तर माझी सही पुरेशी ठरली असती.

छायाचित्रांबाबत तक्रार नाही. कोनशिलेसमोर उभ्या असलेल्या जुन्या पंचांचे पिवळे पडलेले छायाचित्र त्यांनी मोबाइलने न टिपता स्कॅनरवर घेतले, त्यामुळे शिलेवरील अक्षरेसुद्धा वाचता येतात. आर्ट पेपरची ती आठ पाने देखणी आहेत. बिल ठरल्याप्रमाणेच आले आणि अंक रविवारच्या आधी, शुक्रवारी संध्याकाळी, हाती पडले.

तक्रार केल्यावर मालकांनी वाद न घालता शुद्धिपत्राच्या ३०० चिठ्ठ्या विनामूल्य छापून दिल्या आणि त्या आमच्या तरुण संघाने शनिवारी रात्री बसून अंकांत चिकटवल्या. नोंदवह्या, पावतीपुस्तके व बांधणीचे काम ज्यांना करून घ्यावयाचे आहे, त्यांनी या छापखान्याकडे निःशंकपणे जावे. स्मरणिका छापावयाची असल्यास मजकुराची जुळणी बाहेर करून घ्यावी आणि छापखान्याला केवळ पीडीएफ द्यावी.