किडनी आणि बीपीच्या गोळ्या: सोळा महिन्यांचा माझा अनुभव (पायाची सूज, खोकला, चक्कर, पोटॅशियम सगळं)

मी सांगलीची, वय ५१, घरीच खाली गाळ्यात शिलाईचं दुकान आहे, ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला डोकं फार दुखायला लागलं म्हणून बीपी बघितलं तर १७८/१०४. लघवीला फेस यायचा तो तर वर्षभर येत होता पण मी कधी मनावर घेतलं नव्हतं. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी गाळायला लागली की वाढतो) १.६ निघालं, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज, कमी म्हणजे वाईट) ३९, लघवीतून प्रोटीन भरपूर जात होतं, मग मिरजेला किडनीच्या डॉक्टरांकडे बायोप्सी झाली आणि आयजीए नेफ्रोपथी (शरीराचंच एक प्रथिन किडनीच्या गाळण्यांत साठून त्यांना इजा करतं तो आजार) असं नाव कळलं. तेव्हापासून आजपर्यंत बीपीच्या सहा वेगवेगळ्या गोळ्या खाऊन झाल्यात. प्रत्येकीने काहीतरी त्रास दिलाच, पण आज बीपी १२६/७८ च्या आसपास असतं आणि क्रिएटिनिन १.८ वर थांबलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. मला तेव्हा कुणी असं सांगितलं असतं तर मी मे महिन्यातली ती चूक केली नसती.

पहिली गोळी रामिप्रिल, ५ एमजी. बीपी उतरलं आणि डॉक्टर म्हणाले ही किडनीला पण चांगली, लघवीतलं प्रोटीन कमी करते. तीन आठवड्यांनी खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव, आणि रात्री आडवं पडलं की जास्त. आमचे हे म्हणाले कापडाची धूळ आहे, नवीन कॉटनचे तागे आले होते त्यामुळे मलाही पटलं. मास्क लावून शिवायला बसले, हळद-दूध झालं, आडुळशाचा काढा झाला, दोन बाटल्या कफ सिरप संपलं. दीड महिना गेला यात! शेवटी मुलीने फोनवर विचारलं, आई तुला गोळी कधी सुरू झाली आणि खोकला कधी? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी एका मिनिटात गोळी बदलली. या जातीच्या गोळ्यांनी (ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं त्या सगळ्या) शरीरात ब्रॅडीकायनिन नावाचं काहीतरी साठतं आणि त्याने घसा खवखवतो, म्हणून सिरपने तो खोकला जातच नाही. गोळी बंद केल्यावरही पूर्ण थांबायला जवळजवळ तीन आठवडे लागले, तेव्हा चार दिवसात गेला नाही म्हणून घाबरू नका. पण ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र अजिबात थांबायचं नाही, लगेच दवाखाना, ते वेगळं आणि धोक्याचं.

बदलून टेल्मिसार्टन ४० मिळाली. काम तेच करते, खोकला नाही. पण सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.६ चं १.८ झालेलं. मी रिपोर्ट हातात घेऊन लॅबच्या पायरीवरच बसले, वाटलं संपलं सगळं. डॉक्टरांनी समजावलं की ही गोळी किडनीच्या गाळण्यांमधला दाब कमी करते, त्यामुळे आकडा सुरुवातीला थोडा चढतो, ३० टक्क्यांच्या आत असेल आणि तिथेच थांबला तर ते चालतं, उलट तो दाब कमी होणं हेच आपल्याला पाहिजे. त्यासाठीच दोन-चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघायचं असतं. ती तपासणी चुकवू नका. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी आकडा बघून गोळी स्वतःच सोडली होती, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता पायाची सूज. यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण यात मी सगळ्यात जास्त रडले.

टेल्मिसार्टनने एकटीने भागेना म्हणून अॅम्लोडिपिन ५ जोडली, मग १० केली. बीपी छान, १३६/८४. पण १० केल्यावर तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी चप्पल निघेना. पट्ट्याचा वळ पावलावर तसाच राहायचा आणि घोट्याजवळ बोटाने दाबलं की खड्डा पडायचा, भिजवलेल्या कणकेत पडतो तसा, आणि सावकाश भरायचा. माझं काम दिवसभर पाय खाली सोडून मशीनवर बसायचं, लग्नसराई चाललेली, संध्याकाळी पायडल मारताना पाय लाकडासारखा जड. मी म्हटलं किडनी गेली. किडनीच्या माणसाचे पाय सुजतात हेच ऐकलेलं. जवळच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, मी दिवसभर बाथरूमला पळत होते आणि सूज काही उतरली नाही.

मग मे महिन्यात मी कुणालाही न विचारता अॅम्लोडिपिन बंद केली. पाचव्या दिवशी कटिंग करताना डोक्यात घण घातल्यासारखं व्हायला लागलं, बीपी १८६/१०८. मुलाने गाडी काढून मिरजेला नेलं. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "ताई, त्रास होतोय हे सांगायला फोन करायचा, गोळी सोडायची नाही." मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय: ही गोळी बारीक धमन्या सैल करते पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, त्यामुळे आत येणारं रक्त जोरात आणि बाहेर जाणारं तसंच, मग मधल्या केशवाहिन्यांमधून पाणी पायात झिरपतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हलत नाही. डोस जितका जास्त तितकी सूज जास्त, आणि बायकांना जास्त होते म्हणे. किडनीची सूज बऱ्याचदा सकाळी डोळ्यांभोवती, चेहऱ्यावर दिसते आणि वजन वाढतं. ही गोळीची सूज संध्याकाळी घोट्यांवर दिसते, रात्री पाय वर घेऊन झोपलं की बरीच उतरते. हा ढोबळ फरक आहे हं, ठरवायचं डॉक्टरांनीच. आणि एकाच पायाला सूज असेल, दुखत असेल तर ती वेगळी गोष्ट, लगेच दाखवायची.

त्या दिवसापासून मी एक केलं. माझ्या गळ्यात टेप कायमच असते. घोट्याच्या हाडावर दोन बोटं सोडून पेनाने छोटी खूण केली आणि रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री दुकान बंद केल्यावर तिथेच माप घ्यायला लागले. ब्लाऊजच्या मापांच्या वहीची मागची पानं त्यासाठी ठेवली. अॅम्लोडिपिन १० वर: सकाळी पावणेनऊ इंच, रात्री पावणेदहा. एक इंचाचा फरक! डॉक्टरांनी ती पानं नीट वाचली आणि गोळी बदलून सिल्निडिपिन केली, आधी १०, मग २०. ही पण त्याच घराण्यातली, पण शिरांवरही थोडं काम करते म्हणून सूज कमी येते. दोन आठवड्यांनी रात्रीचं माप नऊ, महिन्याने पावणेनऊ आणि वर एक सूत. नुसतं "पाय सुजतात" म्हटलं असतं तर डॉक्टरांना सूज किती, कधी हे कळलं नसतं. आकड्याने कळलं. दुपारी अर्धा तास पाय स्टुलावर घेऊन हेमिंग आणि हुक लावायचं काम करते, त्याचाही फरक पडला.

टेपवरून आणखी एक. घरच्या बीपी मशीनचा कापडी पट्टा असतो ना त्यावर २२ ते ३२ सेंटीमीटर लिहिलेलं होतं. माझा दंड मोजला तर ३४. पट्टा लहान असला की बीपी उगाच जास्त दाखवतं! मोठा पट्टा आणल्यावर माझं बीपी गोळी न वाढवता आठ-दहाने कमी दिसायला लागलं. मशीन दंडाचंच घ्या, मनगटाचं नको, आणि मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प टेकून बसा.

ऑगस्टमध्ये रात्रीसाठी प्राझोसिन जोडली. डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिला डोस झोपतानाच घ्या, उठताना सावकाश. तरी मध्यरात्री बाथरूमला जायला मी सवयीने पटकन उठले आणि डोळ्यासमोर अंधारी, चौकट धरली म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी मोजलं: आडवं असताना १३४, उभं राहिल्यावर १०४. तेव्हापासून कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मग उठायचं. उभ्याचं बीपी पण वहीत लिहिते. दोन महिन्यांनी ती गोळी बंदच झाली, कारण टॉर्सेमाइड १० (लघवी जास्त करवणारी गोळी) सुरू केल्यावर तिची गरज राहिली नाही. टॉर्सेमाइड मी सकाळी सातला घेते, म्हणजे अकरापर्यंत पळापळ संपते आणि मग गिऱ्हाईक आलं तरी निवांत. एकदा विसरून दुपारी चारला घेतली तर रात्री झोपेचं खोबरं झालं. कधीकधी पोटरीत पेटके येतात, त्यासाठी डॉक्टर सोडियम-पोटॅशियम बघतात.

पोटॅशियमचा प्रसंग मात्र जिवावरचा होता. मीठ कमी करायला सांगितलेलं म्हणून जाऊबाईंनी प्रेमाने कमी सोडियमचं मीठ आणून दिलं, "बीपीवाल्यांसाठीच असतं." पाकिटावर मागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं, मी वाचलंच नाही. त्यात नवरात्र, नऊ दिवस उपवास. उपवासाला आपण काय खातो बघा: बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळी, खजूर, वर शहाळं. सगळं पोटॅशियम! आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम शरीरात धरून ठेवते, किडनी आधीच अर्धवट. दसऱ्यानंतर नेहमीची तपासणी होती, संध्याकाळी लॅबमधून फोन, पोटॅशियम ६.२, लगेच दवाखान्यात जा. मला काहीच होत नव्हतं, थोडं पायात बळ नव्हतं इतकंच. कधी नळीतच रक्त फुटून आकडा खोटा वाढतो म्हणून परत रक्त घेतलं, पण खराच होता. ईसीजी, सलाईनमधून औषधं, पाण्यात कालवून घ्यायची पावडर, एक रात्र अॅडमिट. टेल्मिसार्टन थोडे दिवस बंद, मग २०, मग पोटॅशियम ४.८ आल्यावर परत ४०. कारण ती गोळी मला हवीच आहे, लघवीतलं प्रोटीन तिनेच निम्म्याहून कमी केलंय. आता साधं मीठ, पण मोजून, आणि बटाटा चिरून भरपूर पाण्यात भिजवून, उकडून, ते पाणी फेकून. उपवास मी सोडला. देवीला मनातून सांगितलं, तिला कळतं.

आणि पेनकिलर. डिसेंबरच्या लग्नसराईत कंबर धरली, मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून पाच दिवस घेतली. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वरून ही, तिन्ही एकत्र म्हणजे किडनीवर तिहेरी मार. क्रिएटिनिन २.६ झालं, ती थांबवल्यावर उतरायला दीड महिना लागला, पण पहिल्यासारखं १.८ व्हायला नशीब लागलं. आता मेडिकलमध्ये कुठलीही गोळी मागताना आधी "मला किडनीचा आजार आहे" हे वाक्य म्हणते. कंबरेला शेक आणि डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल. तसंच जुलाब-उलट्या झाल्या, पाणी पोटात टिकत नाहीये, की त्या दिवशी टेल्मिसार्टन आणि टॉर्सेमाइड घ्यायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं, हे आधीच ठरवून ठेवलंय. मार्चमध्ये एकदा तसं झालं, दोन दिवस थांबवायला सांगितलं, जेवायला लागल्यावर परत सुरू.

खर्चाचं म्हणाल तर टेल्मिसार्टन आणि टॉर्सेमाइड मी जनऔषधी केंद्रातून घेते, डॉक्टरांना विचारूनच. दर महिन्याला जाणवण्याइतकी बचत होते आणि बीपीत मला काही फरक दिसला नाही.

सध्या सकाळी टॉर्सेमाइड आणि सिल्निडिपिन, रात्री टेल्मिसार्टन. थकवा थोडा आहे. पूर्वी दिवसाला सहा ब्लाऊज व्हायचे, आता चार. पुढच्या महिन्यात मिरजेची फेरी आहे, डॉक्टर डापाग्लिफ्लोझिन सुरू करूया म्हणालेत, किडनीसाठी. त्याने लघवीच्या जागी खाज, बुरशीचं इन्फेक्शन होऊ शकतं असं कळलंय आणि मी दिवसभर बसून काम करणारी, म्हणून वहीत प्रश्न लिहून ठेवलेत. कुणी बाई ही गोळी घेत असेल आणि असंच बसून काम असेल तर काय काळजी घेता ते जरूर लिहा.