तासगावएवढ्या गावची जर्सी, सांगलीत छापलेली

जर्सी छापणाऱ्या दुकानाला चार स्टार. पाचवा एका ‘एल’वर गेला, ते पुढं येईलच.

आमची रविवारची फुटबॉल टीम आहे, सगळे चाळिशीपुढचे. मिरजेत सकाळी सहाला खेळायला उतरतो आणि सव्वासातला निम्मे जण गुडघे धरून कडेला बसलेले असतात. यंदा जर्सी करायचं ठरलं. कुणी बार्सिलोना म्हणालं, कुणी मँचेस्टर. पण वर्गणी मी गोळा करतो, म्हणून माझं चाललं. व्हेंट्सपिल्स.

दुकान शंभर फुटी रस्त्याच्या एका बोळात, वरच्या मजल्यावर. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार आहे आणि माणूस भला आहे. कोल्हापूरच्या पेठांच्या, तालमींच्या फुटबॉल संघांची नावं त्याला तोंडपाठ. मी कागद पुढं केला तसा म्हणाला, “ही कुठली तालीम, अण्णा?”

लॅटव्हियातली, म्हटलं. पुतणी तिकडं रिगाला शिकते. गेल्या खेपेला तिनं जुन्या बाजारातून पिवळा-निळा मफलर आणला माझ्यासाठी. सांगलीच्या मेमध्ये लोकरीचा मफलर! पण त्यावरचं नाव शोधत बसलो आणि अडकलो ते अडकलोच.

तो कॉम्प्युटरवर डिझाइन लावेपर्यंत त्याला सगळं सांगितलं. व्हेंट्सपिल्स म्हणजे बाल्टिक समुद्रावरचं बंदराचं गाव, वस्ती २००९च्या सुमारास चाळीस हजाराच्या आसपास, म्हणजे आपलं तासगाव धरा. क्लब १९९७चा. त्या देशात स्कोन्टो नावाच्या रिगाच्या क्लबनं १९९१ ते २००४ अशी सलग चौदा वर्षं लीग जिंकलेली. दुसऱ्या कुणी वर मान काढायची सोयच नव्हती. ती साखळी तुटल्यावर या तासगावकरांनी २००६, २००७, २००८ ओळीनं मारली. पुढं २००९ला चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, पात्रता फेरीत बेलारूसच्या बाटे क्लबला बाहेर काढलं. त्याच्या आदल्याच मोसमात बाटे चॅम्पियन्स लीगच्या गटात रेआल माद्रिदशी खेळून आलेला. मग शेवटच्या पात्रता फेरीत झुरिककडून हरले, पण तिथं हरणाऱ्याला युरोपा लीग या खालच्या स्पर्धेत जागा मिळायची, म्हणून त्या हरण्यातूनच तिच्या गटात शिरले. लॅटव्हियाच्या कुठल्या क्लबला तोवर युरोपात गटापर्यंत जाता आलं नव्हतं. पहिलाच सामना बर्लिनला, तिथल्या हेर्टा क्लबशी, २००६च्या वर्ल्डकपची फायनल झाली त्या स्टेडियममध्ये. एक-एक! तासगावचं पोरगं तिथं पळतंय, गोल करतंय, असं डोळ्यांपुढं आणा.

दुकानदाराचा माउसवरचा हात थांबला होता. “मग आता कुठं हाय टीम?”

नाही. २०११, २०१३, २०१४ला परत लीग जिंकली आणि नंतर सगळं किडलं. २०१८च्या युरोपा लीग पात्रता सामन्यात निकाल आधीच ठरवायचा प्रयत्न झाल्याचं प्रकरण उभं राहिलं. २०२१ला युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, क्लबवर सात वर्षांची बंदी घातली. त्याच वर्षी मोसम अर्धा टाकून क्लब लीगमधून बाहेर पडला आणि बुडाला. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. सौद्यात भाव आधी ठरवून येणारा व्यापारी एकदा कळला की त्याच्यापुढं कुणी पोतं फोडत नाही, हळद कितीही झळकू दे. त्यामुळं बंदीबद्दल मला हळहळ नाही. बर्लिनची ती रात्र मात्र कुणाच्या बापाची नाही, जर्सी तिच्यासाठी.

आता कामाचं. रंगाला पैकीच्या पैकी. त्यानं तीन पिवळे दाखवले, एक लिंबू, एक टॅक्सीच्या छतासारखा. मी खिशातला हळकुंडाचा तुकडा मोडून टेबलावर ठेवला, त्यानं तोच रंग उतरवला. कापड जाळीदार, घाम धरत नाही. छपाई सब्लिमेशनची, म्हणजे रंग उष्णतेनं धाग्यातच मुरतो, वर चिकटवलेलं काही नाही की सोलून निघेल. वीसेक धुण्यांनंतरही निळी पट्टी जशीच्या तशी. एका जर्सीला ३८० रुपये, नाव-नंबरासकट. कोल्हापुरात जास्त सांगत होते.

तर तो ‘एल’. माल आणायला गेलो तर चौदाच्या चौदा छात्यांवर ‘पिल्स’मध्ये दोन एल. मी गार. हा म्हणतो, “अण्णा, तुमचं स्पेलिंग चुकलं होतं. गोळ्यांत दोन एल असतात, पोरगं इंग्लिश मीडियमला हाय, त्यानंच बघितलं.” लॅटव्हियन भाषेत पिल्स म्हणजे किल्ला, व्हेंटा नदीवरचा किल्ला, हे मी सांगितलं नव्हतं, तेवढी चूक माझी. पण दिलेला कागद तसाच छापायचा सोडून सुधारायचा कशाला? मुरलेला रंग निघत नाही, म्हणून पुढचा अख्खा भाग नव्यानं छापून शिवावा लागला. कापडाचे पैसे आम्ही भरले, छपाई-शिलाई त्यानं सोसली. वर आठ दिवस गेले, तो रविवार जुन्या बनियनवर काढला. गोलकीपरचं हिरवं कापड संपलं होतं, त्यामुळं आमचा गोलकीपर अजून औषधाच्या गोळ्या छातीवर घेऊन उभा असतो.

जाणार असाल तर छापायच्या आधी स्क्रीनवर एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. माप जरा आखूड येतं, पोट असेल तर एक नंबर वरचा सांगा. आणि संध्याकाळी सातनंतर जा, तेव्हा पोरगं ट्यूशनला गेलेलं असतं.