एकनळी बारा बोअर: भाताच्या राखणीला अकरा महिने

आमचं शेत कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या अंगाला. साडेतीन एकर भात, बांधावर थोडी रताळी, वर काजू. भात निसवलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत अर्धा गुंठा लोळवून जातात. गवा आला तर बोलायलाच नको. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. दारू घाला, छर्रे घाला, गजानं ठासा, आणि पावसात दारू ओली झाली की नुसता फुस्स आवाज. ते गेल्यावर ती आम्ही ठाण्यात जमा केली. मी स्वतःच्या नावावर लायसन्स काढून जुलै २०२३ मध्ये जुनी एकनळी बारा बोअर, म्हणजे मागून काडतूस घालायची छर्ऱ्यांची बंदूक घेतली, १८ हजारांना.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, "शिकारीला कशी आहे?" शिकारीला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, रानडुकराचीसुद्धा. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी हुकूम देऊ शकतो. असा हुकूम हातात नसताना डुक्कर मारलं तर कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. गव्याचं नावच काढू नका. माझ्या अकरा महिन्यांत २३ काडतुसं गेली, आणि आवाजासाठी काढलेला प्रत्येक बार मातीच्या चढात.

मग रायफल का नाही? .३१५ बोअरची रायफल मी हातात धरून बघितली होती. पण रायफलची गोळी किलोमीटरच्या पुढं जाते. आमच्याकडे एका बांधापलीकडे दुसऱ्याचं शेत, त्याच्या पलीकडे रस्ता. गुळगुळीत नळीतले बारीक छर्रे लवकर जोर सोडतात. शिवाय पीकराखणीच्या कारणावर मागायला तीच बंदूक सोयीची. मग दुनळी की एकनळी? राखणीला मोठा आवाज लागतो, तो एका बारात निघतो. एकनळी हलकी, घोडा बाहेरून दिसतो, आणि ती मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, खांद्यावर टाकली की बघणाऱ्या कुणालाही कळतं की नळी रिकामी आहे. माझ्या दृष्टीनं हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

लायसन्सची वाट मोठी होती. पहाणी पत्रक (आमच्याकडचा जमिनीचा उतारा), पोलिसांची चौकशी, बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि आमच्या भागात आणखी एक पायरी. भीमगड अभयारण्य जवळ. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवं लायसन्स द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांना हे आधी कुणी सांगत नाही. अर्ज पडून राहतो आणि माणूस म्हणतो की साहेब मुद्दाम अडवतायत. आधी अंतर मोजा, मग अर्ज करा. लायसन्स कुठवर चालतं तेही वाचून घ्या. आमच्या एका पाहुण्यांची जमीन ओढ्याच्या अलीकडे कर्नाटकात, पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आहे. शेत एक, हद्दी दोन, राज्यं दोन. कर्नाटकापुरतं लायसन्स असेल तर बंदूक ओढ्यापलीकडे नेता येत नाही, मग डुक्कर कुठल्या बाजूनं येतंय याला अर्थ नाही.

आता बंदुकीचा खरा दोष. विकणाऱ्यानं नळी उजेडाकडं धरून दाखवली, आतून आरशासारखी. नळी आणि मागचा भाग बंद केल्यावर फटीतून उजेड येतो का तेही बघितलं, येत नव्हता. मी खूश होऊन घरी आलो. त्याच्याकडूनच काडतुसं घेतली, ७० मिलीमीटरची. पहिल्या तीन बारांत खांदा निळा पडला. मला वाटलं एकनळी हलकी असते म्हणून धक्का जास्त बसतो, आणि ते खरंही आहे. पण रिकामी पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं कवच, हातात घेतलं तर तिचं तोंड चिंधीसारखं फाटलेलं आणि मागची टोपी सपाट झालेली.

पुढचं लाकूड काढून बघितलं. नळीच्या खालच्या अंगाला, तेलाच्या काळ्या थराखाली कोरलेलं होतं: २½. म्हणजे अडीच इंची, ६५ मिलीमीटरची कोठी, नळीत काडतूस बसायची जागा. काडतुसावरचा ७० चा आकडा उडाल्यानंतरच्या, तोंड उघडलेल्या पुंगळीचा असतो. बंद काडतूस त्याहून आखूड, म्हणून ते छोट्या कोठीत निमूट बसतं. उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि नळीतला दाब वाढतो. जुन्या बंदुकीत ते किती दिवस चाललं असतं, विचार करून आजही पोटात गोळा येतो. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "सगळे हेच घालतात हो." हे मला बरोबर वाटलं नाही, तोंडावर सांगितलं आणि दुसऱ्या दुकानातून ६५ ची शोधून आणली. त्यानंतर धक्का निम्म्यावर आला. जुनी एकनळी घेणाऱ्यानं लाकूड काढून तो आकडा वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पावसाचा त्रास वेगळा. जुलैच्या शेवटच्या झोडपणीत पुंगळी ओढणारा खटका अडकला आणि काडतूस नखानं उपसावं लागलं. त्याची स्प्रिंग बदलली. एकदा चाप ओढला, घोडा पडला, बार निघाला नाही. अशा वेळी लगेच उघडायची नसते. नळी मातीकडं धरून मनात साठपर्यंत मोजलं आणि मग हळूच मोडली. काडतूस ओलं होतं. आता काडतुसं झाकण घट्ट असलेल्या डब्यात, चुन्याच्या पुरचुंडीसोबत ठेवतो आणि रोज सकाळी नळीतून तेलाचा बोळा फिरवतो.

आवाजाचा परिणाम? पहिले पंधरा दिवस उत्तम. ऑगस्ट कोरडा गेला होता, पाण्याच्या आशेनं डुकरं ओढ्याला लागून होती, आणि एका बारात सगळा कळप रानात. सप्टेंबर संपेपर्यंत त्यांना कळून चुकलं. बार झाला की पन्नास पावलं सरकायची, अर्ध्या तासानं परत हजर. म्हणून शेताभोवती झटका मशीनची, म्हणजे जनावराला विजेचा हलका झटका देणारी तार ओढली, आणि बंदूक तार तुटेल त्या रात्रीपुरती ठेवली. दोन्ही मिळून त्या हंगामात भात वाचलं.

एक रात्र सांगायलाच हवी. कार्तिकातली, धुकं पडलेलं. माळ्यावरून उतरलो तर खालच्या वाफ्यात लोंब्यांची जोरात सळसळ. जड काहीतरी सरकत होतं. बंदूक मोडलेली, काडतूस खिशात. हात खिशाकडं गेला, तेवढ्यात बॅटरी मारली. तिकडून आवाज आला, "अरे मी हाय, मी! बॅटरी खाली घे, डोळ्यांवर कशाला मारतोस!" शेजारचे तात्या, सुटलेली म्हैस शोधत वाफ्यातून चाललेले. त्यांना खांद्यावर हात ठेवून घरापर्यंत सोडलं. त्यांना काही वाटलं नाही, माझे मात्र घरी येईपर्यंत गुडघे कापत होते. भरलेली बंदूक घेऊन चालायची सवय असती तर? तेव्हापासून आमच्या वाडीत ठरलंय, रात्री शेतात शिरायचं तर आधी हाक द्यायची.

२०२४ च्या लोकसभेच्या आचारसंहितेत मार्चच्या मध्यापासून बंदूक ठाण्यात जमा होती, जूनमध्ये परत मिळाली. जमा करताना भरपूर तेल लावून, फडक्यात गुंडाळून दिली होती, गंज नाही. पावतीवर नंबर स्वतः तपासून घेतला. आता रोहिणी सरल्या, पेरा झालाय. पुढचं लाकूड थोडं ढिलं वाटतंय, ते भात निसवायच्या आत बसवून घ्यायचंय.