नंबर न देता जुनं सामान विकायचंय? ओएलएक्स, मार्केटप्लेस, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि यूपीआयची पारख

जाहिरात टाकल्यावर पहिला निरोप येतो, "आहे का अजून?" दुसरा येतो, "नंबर द्या ना, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू." फ्रिज चार दिवसांत विकला जातो, पण तुमचा नंबर त्या दहा-पंधरा अनोळखी लोकांच्या मोबाइलमध्ये राहतो तो कायमचा. आपल्याकडे मोबाइल नंबर म्हणजे नुसते दहा आकडे नसतात. तो कुठल्याही यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला की बँकेतलं नाव दिसतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दिसतो आणि ट्रूकॉलरवर लोकांनी सुचवलेलं नाव दिसतं. ते "मीनाकाकू बी ६०४" असंही असू शकतं. म्हणजे नाव, चेहरा, फ्लॅट सगळं एका नंबरामागे.

म्हणून इथे एकच कसोटी लावली आहे: विकणाऱ्याचा नंबर, नाव आणि पत्ता ही सेवा कुठवर सांभाळते, आणि तिच्या हातून कुठे निसटतो. गिऱ्हाईक किती येतं, भाव काय मिळतो, हा वेगळा विषय.

घरगुती सामानासाठी ओएलएक्स या कसोटीवर बरंच वर राहतं, पण एक गोष्ट आधी केली तरच. खातं मोबाइल नंबरवर उघडलं असेल तर तो कंपनीकडे असतोच, प्रश्न तो जाहिरातीत दिसतो का एवढाच. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाहिरातीत नंबर दाखवण्याचा पर्याय असतो, तो बंद करा, आणि हे जाहिरात टाकण्याआधी करा. जाहिरात पडल्या पडल्या बरेच लोक पाहतात, तेवढ्यात नंबर उचलला गेला तर नंतर बंद करून उपयोग नाही. पर्याय बंद असला की बोलणं अ‍ॅपमधल्या चॅटवरच होतं. प्रोफाइलला पूर्ण नाव लागत नाही, पहिलं नाव पुरतं. लोकेशन विचारताना "सध्याचं ठिकाण" न दाबता भाग हाताने निवडा. "कोथरूड" किंवा "डोंबिवली पूर्व" एवढ्याने गिऱ्हाइकाला अंतर कळतं, सोसायटी कळायची गरज नाही.

हे संरक्षण चॅट अ‍ॅपमध्ये आहे तोवरच टिकतं. कोणी "फायनल किती?" विचारत विचारत नंबरावर आलं की "इथेच बोलू, वेळ ठरली की गेटवर भेटू" एवढंच लिहा. ज्याला खरंच घ्यायचं आहे तो इथेच भाव करतो, इथेच वेळ ठरवतो. वस्तू न पाहता लगेच होकार आणि त्यापाठोपाठ नंबराचा आग्रह, अशी जोडी दिसली की ते बोलणं तिथेच सोडा.

फेसबुक मार्केटप्लेसवर नंबर लागतच नाही, सगळं मेसेंजरवर चालतं आणि जाहिरातीत जागाही ढोबळच दिसते. इथे उघडं पडतं ते नाव. गिऱ्हाईक नावावर बोट ठेवतं आणि थेट तुमच्या प्रोफाइलवर पोचतं. तिथे नोकरी, गाव, मुलांचे फोटो, मित्रांची यादी जे काही सगळ्यांसाठी खुलं असेल ते वाचायला मिळतं. भारतात २०२० पासून प्रोफाइल लॉक करता येतं. जाहिरात टाकण्याआधी ते करा, मित्रांची यादी "फक्त मी" वर ठेवा, आणि "फोन नंबरवरून तुम्हाला कोण शोधू शकतं" हेही "फक्त मी" करा. जाहिरात भरताना "मित्रांपासून लपवा" असा पर्याय येतो, त्यावरून गैरसमज होतो. त्याने जाहिरात ओळखीच्यांना दिसत नाही, अनोळखी लोकांना दिसतेच. विक्रीपुरतं दुसऱ्या नावाचं खातं काढायचं काहींना सुचतं, पण फेसबुकच्या नियमांत ते बसत नाही आणि खातं बंद झालं की चालू सौदेही जातात.

सर्वांत कमकुवत जागा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचे खरेदी-विक्री ग्रुप. एका ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत सदस्य असू शकतात आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला तुमचा नंबर दिसतो, तुम्ही काही लिहिलं नाही तरीही. सोसायटीचा ग्रुप समजण्यासारखा आहे, तिथे सगळे शेजारी. पण लिंकवरून कोणीही आत येऊ शकतो अशा शहरभराच्या ग्रुपमध्ये घरचा नंबर नेऊ नका. अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीतल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, पण अ‍ॅडमिनला दिसतात.

वर्षातून दोन-तीनदापेक्षा जास्त विकत असाल, किंवा घरून मसाले, फराळ, साड्या, कुंड्या असं काही चालत असेल, तर वेगळं सिम आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. अ‍ॅप फुकट आहे, त्याच फोनवर नेहमीच्या व्हॉट्सअ‍ॅपशेजारी चालतं, फक्त नंबर वेगळा हवा. घरात लँडलाइन असेल तर तीही चालते: पडताळणीच्या वेळी एसएमएसऐवजी "कॉल करा" निवडायचं, सहा आकडे आवाजात सांगितले जातात. प्रोफाइलमध्ये पत्ता, ईमेल, वेबसाइट असे रकाने असतात. ते रिकामे ठेवले तरी अ‍ॅप चालतं. पत्त्याच्या जागी भाग आणि शहर पुरतं. ज्याच्याकडे नंबर आहे त्याला हे प्रोफाइल दिसतं, म्हणून तिथे स्वतःचा किंवा घराचा फोटो न लावता मालाचा लावा.

या दुसऱ्या नंबराचा खरा फायदा एका अटीवर मिळतो: तो बँकेला, यूपीआयला, आधारला, फेसबुकला कुठेच जोडायचा नाही. मग तो यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकून कोणाला तुमचं नाव मिळत नाही. जोडलात तर वेगळ्या सिमचा अर्धा उपयोग गेला. एका ओळखपत्रावर साधारणपणे नऊ सिम घेता येतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे सहा), त्यामुळे नियमाची अडचण नाही. आपल्या नावावर किती आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येतं. दुसरं सिम ड्रॉवरमध्ये टाकून ठेवायचं नाही. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो, म्हणून सिम सोडायचं ठरवलं तर आधी त्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप खातं डिलीट करा.

आता यूपीआय. नंबर इथूनही बाहेर जातो आणि लक्ष सर्वांत कमी इथेच असतं. चॅटमध्ये नंबर न देण्याची एवढी काळजी घेतात, आणि शेवटी टोकन घ्यायला क्यूआर पाठवतात. त्या क्यूआरखालची बारीक ओळ वाचा. फोनपेवर आपोआप मिळालेला आयडी बहुतेकांचा मोबाइल नंबर आणि पुढे "अ‍ॅट वायबीएल" असा असतो, म्हणजे दहाचे दहा आकडे छापलेले. खालची ओळ कापून फोटो पाठवला तरी उपयोग नाही, कारण तोच आयडी क्यूआरच्या आतही साध्या अक्षरांत असतो, कुठल्याही स्कॅनरने वाचता येतो. गुगल पेवर आयडी बहुधा जीमेलच्या पहिल्या भागावरून बनतो, पुढे ओकेएक्सिस, ओकेएसबीआय वगैरे. तिथे नंबर सुरक्षित राहतो, ईमेल जातो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. भीम अ‍ॅपमध्ये स्वतः निवडलेल्या अक्षरांचा आयडी बनवता येतो, पेटीएमनेही तशी सोय दिली आहे. मालाचं नाव आणि दोन आकडे, असा आयडी घ्या, तोच मुख्य करा, मग नवा क्यूआर उतरवा. जुना क्यूआर गॅलरीतून काढून टाका, नाहीतर घाईत तोच जातो. नंतर घरच्या दुसऱ्या फोनवरून एक रुपया पाठवून बघा, समोरच्याला नेमकं काय दिसतं ते कळेल. बँकेतलं नाव दिसेलच, ते लपवता येत नाही आणि लपवू नये. पैसे योग्य माणसाला जातायत याची खात्री देणाऱ्यालाही हवी. नाव जाईल हे धरून चालायचं आणि नंबर वाचवायचा. घरच्या दुसऱ्या कोणाच्या खात्याचा क्यूआर पाठवण्यापेक्षा हातात पडणारी रोख पुष्कळदा सोपी: दोन-तीन हजारांच्या वस्तूला गेटवर रोख घ्या, आयडीचा प्रश्नच येत नाही.

याच टप्प्यावर फसवणूकही होते. "मी सैन्यात आहे, पोस्टिंग आहे, माझा माणूस उचलायला येईल, मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील," हा प्रकार ओएलएक्सच्या जाहिरातींभोवती वर्षानुवर्षं चालू आहे. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. खात्रीसाठी पाठवलेलं ओळखपत्र दुसऱ्याच कोणाचं असतं, आणि तुम्ही उलट पाठवलेलं तुमचं आधार पुढच्या माणसाला फसवायला वापरलं जातं. वापरलेला फोन किंवा गाडी विकताना ओळखीची प्रत द्यावीच लागली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर आडवं लिहा: कोणत्या वस्तूच्या विक्रीसाठी, कोणाला, कोणत्या तारखेला. गाडीच्या हस्तांतरणात फॉर्म २९ आणि ३० वर पत्ता येतोच, तो टाळता येत नाही. पण तो सौदा पक्का झाल्यावर द्यायचा, चौकशी करणाऱ्या आठ जणांना आरसी बुकचा फोटो पाठवायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन.

फोटोंकडे वळू. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन टॅग चालू असेल तर फोटोत घराचे अक्षांश-रेखांश असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. "क्लिअर दिसत नाही, डॉक्युमेंट करून पाठवा" असं कोणी म्हटलं तर नवा जवळून काढलेला फोटो द्या. टॅग कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये बंद करा. मग फोटो मोठा करून पाहा: मागच्या भिंतीवरची नावाची पाटी, खिडकीतून दिसणारं समोरच्या इमारतीचं नाव, गाडीची नंबर प्लेट, फ्रिजवर चिकटवलेलं मुलांच्या शाळेचं वेळापत्रक. बिलाचा फोटो द्यायचा तर नाव, पत्ता, मोबाइल झाकून तारीख आणि मॉडेल एवढंच उघडं ठेवा. मोबाइल विकताना खोक्यावरचा आयएमईआय (त्या फोनचा ओळख क्रमांक) जाहिरातीत नको, तो समोर भेटल्यावर *#06# लावून दाखवता येतो.

कुरिअरने पाठवायचं असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता लेबलवर येणारच. खोटा पत्ता लिहिला तर न पोचलेलं पार्सल परत कुठे येणार? त्यामुळे पत्ता खराच, पण तो घराचाच असला पाहिजे असं नाही. परवानगी असेल तर दुकानाचा, ऑफिसचा पत्ता चालतो. मोबाइलच्या रकान्यात विक्रीचा नंबर. जुनी खोकी वापरताना तुमच्या नावाची आधीची लेबलं सोलूनच काढा. मार्करने काळं केलेलं तिरक्या उजेडात पुष्कळदा वाचता येतं आणि बारकोड तसाच राहतो. लेबल निघत नसेल तर सॅनिटायझरचा बोळा चोळा, थर्मल छपाई पुसट तरी होते किंवा काळी पडते.

घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे, आणि इथे चुकीचा सल्ला देणारे फार. दिवाळीचा फराळ, मेतकूट, लोणचं बंद पाकिटातून विकताना लेबलवर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी क्रमांक लागतो, वजन-मापाच्या नियमांनुसार तक्रारीसाठी फोन आणि ईमेलही. हे लपवायचं नाही, गिऱ्हाइकाचा तो हक्क आहे. पण फोन आणि ईमेल व्यवसायाचे वेगळे ठेवता येतात, आणि तेच लेबल, इन्स्टाग्राम, बिलबुक सगळीकडे एकच लावायचे. इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यावर संपर्काची माहिती दाखवण्याचा पर्याय असतो, तो तपासा. खातं उघडताना दिलेला घरचा नंबर तिथे बटणामागे बसलेला असू शकतो. गुगलच्या व्यवसाय-प्रोफाइलमध्ये घरपोच सेवा देणाऱ्याला पत्ता काढून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो, घरून डबे देणाऱ्यांनी तेच करावं.

मोठी वस्तू बघायला माणूस घरी येणारच. तरी फ्लॅट नंबर सांगायची घाई नको. आधी गेटवर बोलवा, खाली जाऊन भेटा, मग वर न्या, आणि घरात दुसरं कोणी असेल अशी वेळ ठरवा. सायकल, मिक्सर, मोबाइल असं हातात मावणारं काही असेल तर मेट्रो स्टेशनच्या किंवा बँकेच्या दारात भेटा, दिवसा.

सौदा झाला की ओएलएक्सवर "विकलं" करून थांबू नका, जाहिरातच काढून टाका. मार्केटप्लेसवरही तेच. गिऱ्हाइकाकडे विक्रीचा नंबर गेला असेल तर फ्रिज नीट चालतोय का हे विचारायला आठवडाभर तो चालू ठेवा, आणि गॅलरीतले बिलाचे, आधारचे, क्यूआरचे फोटो त्याच दिवशी डिलीट करा.