वारशात आलेली प्राण्यांची जुनी चित्रं: तशीच टांगावीत, नव्याने मढवावीत की काढून ठेवावीत?

आजोबांच्या खोलीतली हरणं, शिकारी कुत्री, घोडे, पोपट, म्हणजे त्यांची छापील चित्रं, वाटणीत आपल्याकडे येतात, तेव्हा बहुतेक जण दोनपैकी एक टोक गाठतात. कोणी जुनं ते सोनं म्हणत चित्र आहे तसं खिळ्याला अडकवतं. कोणी ते फ्रेमवाल्याकडे देतं, आणि तो जुनं सगळं कचऱ्यात टाकून नवी कोरी चौकट हातात ठेवतो. मला दोन्ही पटत नाही. चित्र आणि चौकट या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे निर्णयही वेगवेगळे घ्यायला हवेत. चित्राला शक्यतो हात लावू नये, त्याच्या मागचं-पुढचं बदलावं, या मताचा मी आहे. पण हाताशी काय आलंय हे कळल्याशिवाय किती खटाटोप करायचा ते ठरत नाही.

अस्सल जुना छाप की नंतरची नक्कल

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि काचेवरूनच प्राण्याच्या अंगावरची राखाडी छटा पाहा. एकसारख्या अंतरावर शिस्तीत मांडलेले ठिपके दिसले, किंवा रंगीत चित्रात ठिपक्यांची छोटी फुलं दिसली, तर ती फोटोवरून केलेली यांत्रिक छपाई. हे तंत्र 1880 च्या दशकापासून रुळलं. त्यामुळे चित्राखाली 1850 चं साल असलं तरी ठिपके सांगतात तेच खरं.

ठिपके नसतील तर रेषा पाहा. तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात रेषा मध्ये जाड होते, टोकाला निमुळती होते आणि शाई कागदावर किंचित उठून दिसते. शिळाछापात, म्हणजे दगडावर रेखाटून केलेल्या छपाईत, रेषेऐवजी खडूने खरखरीत कागदावर रेखाटल्यासारखा अनियमित कण दिसतो. ही पद्धत 1796 च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डर याने शोधली, म्हणजे शिळाछाप त्याआधीचा असूच शकत नाही. लाकडी ठशांत काळ्यावर पांढऱ्या रेषा ओढल्यासारखं वाटतं. इंग्रज ठसे-कोरक टॉमस ब्यूइकने 1790 मध्ये चतुष्पाद प्राण्यांवरच्या पुस्तकासाठी असेच ठसे लाकडाच्या आडव्या छेदावर कोरले होते.

धातूच्या पत्र्यावरून छापताना दाबामुळे चित्राभोवती चौकोनी खोलगट कड उमटते. ती दिसली की लोक खूश होतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. नकलेच्या कागदावर नुसता कोरा पत्रा दाबूनही तशी कड उमटवता येते. उलट, समास कापलेल्या अस्सल चित्रात ती नसतेही.

चित्राखालच्या बारीक अक्षरांचंही तसंच. डावीकडे मूळ चित्रकाराचं नाव आणि त्यापुढे ‘पिंक्स.’ (रंगवलं) किंवा ‘डेल.’ (रेखाटलं), उजवीकडे कोरणाऱ्याचं नाव आणि ‘स्कल्प.’ (कोरलं), मध्ये प्रकाशकाचं नाव आणि तारीख. 1735 च्या ब्रिटिश कायद्याने हक्काच्या संरक्षणासाठी मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख पत्र्यावर असणं आवश्यक केलं. पण ती तारीख पहिल्या प्रकाशनाची. पुढे त्याच पत्र्यावरून कितीही प्रती निघू शकतात आणि नक्कल करणारा तारखेसकटच नक्कल करतो.

म्हणून मोजपट्टी मला तारखेपेक्षा भरवशाची वाटते. अमेरिकी पक्षीचित्रकार ऑडुबॉनच्या पक्ष्यांचंच पाहा. 1827 ते 1838 या काळात निघालेल्या मूळ मालिकेत 435 चित्रं आहेत, ती धातूच्या पत्र्यावरून छापून हाताने रंगवलेली, आणि पूर्ण कागद सुमारे 39 इंच बाय 26 इंच. कागद उजेडासमोर धरला की ‘व्हॉटमन’ हे नाव आणि साल पाण्याच्या खुणेत दिसतं. 1840 ते 1844 मध्ये आलेली छोटी आवृत्ती शिळाछापाची, पुस्तकाच्या पानाएवढी. विसाव्या शतकातल्या नकला तर असंख्य. पक्षी तोच, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

रंग हाताने भरलेला असेल तर तो कुठेतरी रेषेबाहेर जातो, कुठे साचून गडद होतो. पण साधी काळी चित्रं पुढे कधीतरी सजावटीसाठी रंगवलेलीही असतात, तेव्हा हातचा रंग म्हणजे मूळचाच रंग असं नाही. कागद अतिनील किरणांच्या (यूव्ही) दिव्याखाली झगझगीत निळसर-पांढरा दिसला, तर तो साधारण 1950 नंतरचा समजायला हरकत नाही.

जुनी चौकट ठेवायची की बदलायची

तसंच ठेवण्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. मागचं फ्रेमवाल्याचं लेबल, चिकटवलेला वर्तमानपत्राचा तुकडा, कोणाच्या तरी हस्ताक्षरातली ओळ, हाच चित्राचा पुरावा. शिवाय ठिपकेदार मेपल लाकडाची किंवा सोनेरी मुलाम्याची जुनी चौकट कधी कधी आतल्या चित्रापेक्षा मोलाची निघते.

विरुद्ध बाजूला आहे रसायन. जुन्या चौकटींच्या पाठीला सरळ लाकडी फळ्या ठोकलेल्या असतात. लाकडातलं आम्ल कागदात उतरतं आणि फळ्यांमधल्या फटी, लाकडाच्या गाठीसुद्धा, चित्रावर तपकिरी डागांच्या रूपात उमटतात. लगद्याच्या पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ पाडतो. त्याहून वाईट म्हणजे चित्र थेट काचेला टेकलेलं असणं. काचेवर आतून दव धरतं, बुरशी येते आणि शेवटी शाई किंवा रंग काचेलाच चिकटतो. तसं झालं असेल तर ओढून काढू नका. ते काम कागद-संवर्धकाचं.

नव्या चौकटीचा फायदा उघड आहे, पण धोका फ्रेमवाल्याच्या सवयींत आहे. चित्र मापात बसावं म्हणून समास कापणं, सुरकुती जावी म्हणून गरम दाबाने पुठ्ठ्यावर कायमचं चिकटवणं, पाठीला सेलोटेप लावणं. यातलं एकही नंतर धड निस्तरता येत नाही. काम देण्याआधी या तीन गोष्टी करणार नाही असं लिहून घ्या.

म्हणून माझा कौल मधल्या वाटेला: बाहेरची जुनी लाकडी चौकट तीच, आतलं सगळं नवं. मागे आणि पुढे आम्लमुक्त पुठ्ठा, काच चित्राला टेकू नये इतका जाड माउंट, आणि चित्र फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी गव्हाच्या खळीत टांगलेलं. काच अतिनील किरण अडवणारी घ्या. अ‍ॅक्रिलिक हलकं असतं, फुटत नाही, पण त्यावर स्थिर वीज साठते. रंग सुटत असलेल्या चित्रापुढे ते नको. सोनेरी मुलाम्याला ओलं फडकं लावू नका, सोनं फडक्यावर येतं.

तपासणीत ठिपके निघाले असतील तर इतकं काही करू नका. साधा आम्लमुक्त माउंट घाला आणि आवडत असेल तिथे लावा. हातची रंगवलेली अस्सल प्रत असेल तर तिसरा पर्याय खरोखर विचारात घ्या: चौकटीतून काढून आम्लमुक्त पेटीत, अंधारात, सपाट ठेवणं. संग्रहालयं कागदावरच्या रंगांसाठी साधारण 50 लक्सचीच (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) मर्यादा पाळतात, आणि उडालेला रंग कोणी परत आणू शकत नाही. खास काचेमुळे रंग उडण्याचा वेग कमी होतो, तो थांबत नाही. लावायचंच असेल तर ऊन न येणारी, ओल नसलेली आतली भिंत निवडा. बाहेरच्या थंड भिंतीवर पाठीला कसर आणि बुरशी दोन्ही लागतात.

डाग: घरी की संवर्धकाकडे

इथे मी ठाम आहे, घरी नाही. ब्लीच, ऊन, खोडरबर, पावाचा चुरा, सगळे उपाय कोणीतरी सुचवतंच. तपकिरी ठिपके बुरशीमुळे किंवा कागदातल्या धातूच्या कणांमुळे येतात. ते वरून पुसून जाणारे नाहीत. साध्या काळ्या छापाला संवर्धक पाण्यात धुऊन बराच उजाळा देऊ शकतो. रंगवलेल्या चित्राचं तसं नाही. जलरंग पाण्यात सुटतात आणि प्राण्याच्या डोळ्यांवर किंवा गडद केसांवर चमक यावी म्हणून लावलेला डिंकही विरघळतो. अशा चित्रावर डाग राहू दिलेलेच बरे.

चौकट उघडण्याआधी पुढून-मागून फोटो काढा. मागचं लेबल सुटत नसेल तर पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा कापून पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घाला आणि नव्या चौकटीच्या पाठीला बाहेरून लावा. आत पुन्हा ठेवला तर तोच आम्लाचा पुठ्ठा परत चित्राला भिडेल.