गिटहब डेस्कटॉप: कमिट निवडायला उत्तम, गुंता सोडवायला अपुरं

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्यात सगळे बदल एकदम निवडणारी ‘गिट ॲड .’ ही आज्ञा हाताला बसलेली असते, म्हणून खऱ्या दुरुस्तीबरोबर तपासणीपुरती टाकलेली कन्सोल लॉगची ओळही कमिटमध्ये (बदलांच्या जतन केलेल्या नोंदीत) जाते. गिटहब डेस्कटॉप या माऊसने गिट वापरायच्या ॲपमध्ये ‘चेंजेस’ टॅबवर डिफ (जुन्या-नव्या ओळींतला फरक) समोरच उघडा असतो. नको त्या ओळीच्या क्रमांकावर क्लिक केलं, निळा रंग गेला, की ती ओळ कमिटबाहेर. हे टर्मिनलमध्ये, बदल तुकड्यातुकड्याने विचारणाऱ्या ‘गिट ॲड -पी’नेही जमतं. पण बदललेल्या दोन ओळी एकमेकींना लागून असतील तर ‘एस’ने तुकडा फुटत नाही. मग ‘ई’ दाबून पॅच (त्या बदलाचा मजकूर) हाताने दुरुस्त करायचा. त्यात काढलेल्या ओळीपुढच्या उणे चिन्हाच्या जागी स्पेस द्यायचं सोडून ती ओळच खोडली, तर पॅच लागत नाही. एवढ्या एका कामासाठीसुद्धा हे ॲप ठेवावं.

मात्र निवडक ओळींचा कमिट म्हणजे त्या रूपात एकदाही न चाललेला कोड, हे विसरू नका. उरलेले बदल स्टॅश करा (तात्पुरते बाजूला ठेवा), टेस्ट चालवा, मगच पुश करा (सर्व्हरवर पाठवा). टेस्ट पडली तर खालचं ‘अनडू’ दाबा. पुश होईपर्यंत ते बटण असतं आणि बदल जसेच्या तसे परत येतात.

बदल फेकून देणारं ‘डिस्कार्ड’ जपून वापरा. अख्खी फाइल टाकली तर ती विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये सापडते. डिफमधल्या सुट्या ओळी टाकल्या तर त्या गेल्याच. टर्मिनलवरून केलेला स्टॅश ॲपमध्ये दिसत नाही, त्यामुळे स्टॅश कुठून करायचा ते एकदाच ठरवा.

कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) आला की ॲप फाइलींची यादी देतं आणि फाइल एडिटरमध्ये उघडून देतं. फाइलमधल्या खुणा पाहून कोणती बाजू ठेवायची ते काम तुमचंच. ‘हिस्टरी’ सरळ यादी आहे, ब्रँच (कामाची वेगळी शाखा) कुठे फुटली नि कुठे मिळाली याचं चित्र नाही. त्यासाठी इतिहासाचं चित्र दाखवणारं ‘गिटके’ उघडा. रिबेसमध्ये (कमिट नव्या पायावर पुन्हा रचताना) कमिट हरवला तर आधीच्या जागांची नोंद दाखवणाऱ्या ‘गिट रिफ्लॉग’ला पर्याय नाही, आणि तो टर्मिनलमध्येच चालवावा लागतो. इथे नवे लोक अडतात: ॲप स्वतःचं गिट आत घेऊन येतं, पण ते टर्मिनलला सापडत नाही. गिट वेगळं इन्स्टॉल करा, अडचण येण्याआधीच.

ॲप मोफत आहे, सोर्स खुला आहे. लिनक्ससाठी मात्र अधिकृत आवृत्ती नाही. तिथे ‘गिट गुई’ हे गिटचं खिडकीवालं साधन घ्या. दिसायला जुनाट, पण उजव्या क्लिकवर एकच ओळ स्टेज करायची (कमिटसाठी निवडायची) सोय त्यातही आहे.