जिम्नी घ्यावी की थार? आधी वजनकाटा बघा

मारुतीची पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत दिसली, तेव्हा जिप्सीवर हात बसलेल्या पिढीने गुलाल उधळायचाच काय तो बाकी ठेवला होता. शिडीसारखी चौकट म्हणजे लॅडर फ्रेम, पुढे-मागे दोन्हीकडे दोन चाकं एकाच दांड्याने जोडणारा सॉलिड अ‍ॅक्सल, कमी वेगात जास्त जोर देणारा लो रेंजचा गिअर आणि वजन जेमतेम बाराशे किलो. हवं ते सगळं होतं. जूनमध्ये किंमत जाहीर झाली, एक्स-शोरूम १२.७४ लाखांपासून पुढे, आणि त्याच मंडळींची तोंडं उतरली. मारुती, चारच सीटा, जुनं दीड लिटरचं इंजिन, टर्बो नाही, डिझेल नाही, आणि मागणार थारचे पैसे! डिसेंबरपर्यंत कंपनीला थंडर एडिशन काढून सुरुवात १०.७४ लाखांवर आणावी लागली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये तीच गुरुग्रामला बनणारी गाडी ‘जिम्नी नोमाड’ नावाने जपानात गेली. चार दिवसांत पन्नास हजारांच्या घरात ऑर्डरी आल्या आणि सुझुकीला बुकिंग थांबवावं लागलं. ते ऐकून इथे पुन्हा जुंपली. एका बाजूचं म्हणणं, जपान्यांना कळतं ते आपल्याला कळत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जपान्यांना चार माणसं आणि गावचं तांदळाचं पोतं घेऊन कसारा घाट चढायचा नसतो.

दोन्ही बाजू खरं बोलतात. गाडी घेणाऱ्याला मात्र या भांडणातून हाती काही लागत नाही, कारण सगळे हॉर्सपॉवरवर वाद घालत बसतात. माझ्या मते या दोन गाड्यांमधला जवळपास प्रत्येक फरक एकाच आकड्यातून निघतो: जिम्नी बाराशे किलो, तर चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर थार साडेसतराशेच्या आसपास.

इथे थार म्हणजे महिंद्राची तीन दारांची थार. पाच दारांची थार रॉक्स वेगळ्या वर्गातली आहे. लांबी ४.४ मीटरच्या वर, फोर बाय फोर हवं तर फक्त डिझेल, आणि तिथे पोचेपर्यंत बजेट कुठल्या कुठे गेलेलं असतं. आपल्या पुण्याच्या फोर्सची गुरखा ज्याला हवी असते त्याला दुसरं काही नकोच असतं. पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्र बांधून फिरवणारी कळ), खोल पाण्यात इंजिनाला वरून हवा देणारा, कारखान्यातूनच आलेला स्नॉर्कल. तो माणूस हा लेख वाचणार नाही.

जिम्नी ‘मरतुकडी’ आहे, हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आरोप. जरा हिशेब करू. जिम्नीची ताकद १०५ पीएस, वजन बाराशे किलो, म्हणजे टनामागे ८७ पीएस. डिझेल थार १३० पीएस, साडेसतराशे किलो, म्हणजे टनामागे ७४. ताकदीला वजनाने भागलं तर जिम्नी पुढे निघते आणि १५० पीएसच्या पेट्रोल थारच्या जोडीला जाऊन बसते. मग चालवताना उलटं का वाटतं? टॉर्कमुळे. जिम्नीचा १३४ न्यूटन मीटर टॉर्क येतो ४००० आरपीएमला. थारच्या २.२ लिटर डिझेलचा ३०० न्यूटन मीटर १६०० पासूनच हजर असतो. घाटात ट्रकच्या मागून बाहेर निघायचं असतं तेव्हा थारमध्ये तिसऱ्यात नुसता पाय दाबला की झालं. जिम्नीत दुसरा टाकायचा, इंजिन ओरडू द्यायचं आणि मागच्या सीटवरच्या मेहुण्याकडून ‘काय रे, काय झालं?’ ऐकून घ्यायचं. गाडीला काही झालेलं नसतं. के१५बी हे इंजिन ओरडूनच काम करतं आणि वर्षानुवर्षं करत राहतं. पण ज्याला ओरडणाऱ्या इंजिनाचा कंटाळा येतो, त्याला हे समजावून उपयोग नाही. ऑटोमॅटिकमध्ये तर गिअर चारच. थारच्या ऑटोमॅटिकमध्ये सहा.

समृद्धीवर हा फरक आणखी उघडा पडतो. नागपूरपासून मुंबईकडे ७०१ किलोमीटर सरळ काँक्रीट, वेगमर्यादा १२०. जिम्नी तिथे जाते, पण उंच, अरुंद आणि हलकी गाडी आडव्या वाऱ्यात सतत सांभाळावी लागते, आणि शंभरच्या वर गेलं की गाणी ऐकायला आवाज वाढवावा लागतो. टाकीही ४० लिटरचीच. थारची ५७. दर पंधरवड्याला मुंबईहून संभाजीनगर किंवा अकोला गाठणारा माणूस असेल तर मी फार न बोलता डिझेल थारकडे बोट दाखवीन. म्हणजे थार हायवेवर कार होते असं नाही. तीही डुलते. पण दमवत नाही.

आता डांबर सोडून खाली उतरू, कारण यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

घाटमाथ्यावर आणि कोकणात जांभ्याचे कातळ, दगडगोटे, ओढे. देशावर काळं रान. दोन्ही ठिकाणी गाडीची परीक्षा वेगळी होते, हे ऑफरोडचे व्हिडिओ बघून कळत नाही. काळ्या रानातली पाणंद पहिल्या मोठ्या पावसानंतर बघा. टायरच्या खाचा दहा-वीस फुटांत मातीने भरून जातात आणि टायर गोटा झाल्यासारखा नुसता फिरत राहतो. ती माती वर मडगार्डच्या आत कोंबली जाते, स्टिअरिंग जड होतं. पाय दाबला की गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली जाते. इथे पाचशे-साडेपाचशे किलो कमी असणं म्हणजे सोनं. जिम्नीचे १९५ चे टायर बारीक असले तरी वर भार कमी, त्यामुळे ती कमी रुतते, आणि रुतली तरी फळी, फावडं आणि दोन-तीन गडी मिळाले की बऱ्याचदा निघते. थार बसली की शेजारच्या वस्तीवर ट्रॅक्टर शोधायला चालत जावं लागतं.

पण याच पाणंदीत जिम्नीची खोडही कळते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल असतात आणि मध्ये मातीचा उंचवटा उभा राहतो. सॉलिड अ‍ॅक्सलवाल्या गाडीचा डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा, गोळा नेमका त्याच उंचीला येतो. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी, थारचा २२६. शिवाय थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, त्यामुळे पुढे घासणारं कमी. शेताचा बांध ओलांडतानाही तेच. पाच दारं बसवायला जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २५९० मिमी केला, आणि पोट टेकण्याचा कोन २४ अंशांवर आला. थारचा २७. तीन दारांच्या मूळ जिम्नीचा व्हीलबेस २२५० होता, म्हणून जुने खेळाडू अजून तिच्या नावाने उसासे टाकतात. त्यांचा हट्ट मला पूर्वी नुसता हौशी वाटायचा. एखाद्या उंच बांधावर पोट टेकलेली आणि चारही चाकं निम्मी हवेत असलेली पाच दारांची जिम्नी बघितली की पटतो.

दगडात मात्र जिम्नी बघत राहावी. दोन्ही अ‍ॅक्सल सॉलिड असल्याने एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. शेळी चढावी तशी पाय शोधत चढते. मेकॅनिकल डिफ लॉक नाही, पण फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकं लो रेंजला असताना, मोकळं फिरणारं चाक ब्रेक लावून थांबवणारी यंत्रणा आहे. काम करते, फक्त तिला एखादी गिरकी द्यावी लागते. चाक फिरायला लागलं की नवखे घाबरून पाय काढतात आणि गाडी तिथेच बसते. थारच्या वरच्या ट्रिममध्ये मागच्या अ‍ॅक्सलला मेकॅनिकल लॉकर मिळतो. तो लागला की वादच मिटतो. कोणत्या ट्रिममध्ये मिळतो ते शोरूममध्ये लेखी विचारून घ्या, विक्रेत्यांना स्वतःलाच अनेकदा नक्की माहीत नसतं.

पाणी. किती खोल पाण्यातून जाता येतं याचा थारचा ६५० मिमीचा जाहीर आकडा आहे आणि लोक तो फारच मनावर घेतात. तो आकडा साचलेल्या, संथ पाण्याचा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर हलकी गाडी आधी सरकते, जड गाडी जरा उशिरा. एवढाच फरक. दोन्हीत थांबायचं. किनाऱ्याचंही तसंच. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं गुन्हा आहे, आणि भरतीच्या वेळी वाळूत रुतलेली गाडी कुणाचीच मर्दुमकी दाखवत नाही.

गावातला आणि शहरातला जुना भाग हा ऑफरोडवाल्यांच्या गप्पांत न येणारा मुद्दा. जिम्नीची रुंदी १६४५ मिमी, थारची १८२०. जवळपास सात इंचांचा फरक. शनिवार-रविवार पेठ, कोल्हापूरच्या जुन्या गल्ल्या, मालवणचा बाजार, किंवा दोन्हीकडे गडगे असलेला कोकणातला वाडीचा रस्ता: इथे सात इंच म्हणजे आरसे मिटायचे की नाही, समोरून टेम्पो आला तर मागे कोणी घ्यायचं, हे सगळं त्यात आलं. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये थार लावून दार उघडून बघा. तीन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, हे तेव्हा कळतं.

आता मागची सीट. दोन्ही गाड्या चारच जणांच्या. जिम्नीत मागची दारं आहेत, म्हणून आई-वडील स्वतःचे स्वतः चढतात. थारमध्ये पुढची सीट सरकवून, पायरीवर पाय ठेवून, वरचा दांडा धरून, वाकून आत जायचं. नऊवारीतल्या आजीला हे एकदा करायला लावा आणि मग घरात विषय काढा. उत्तर तिथेच मिळेल. जिम्नीची डिकी २०८ लिटरची, म्हणजे दोन बॅगा आणि डबा. कौतुक करण्यासारखं दोन्हीकडे काही नाही.

सुरक्षेचं थोडक्यात. २०२० मध्ये गाड्या आदळून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने थारला ४ तारे दिले. तीन दारांच्या जिम्नीला २०१८ मध्ये युरो एनकॅपकडून ३ मिळाले होते. चाचण्या वेगळ्या, निकष वेगळे, त्यामुळे एकाला दुसऱ्यापुढे ठेवून वाद घालू नका. भारतातल्या पाच दारांच्या जिम्नीत सहा एअरबॅग सगळ्या ट्रिममध्ये आहेत, हे मात्र मोजण्यासारखं.

पैशांत एक गंमत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. गाडी चार मीटरच्या आत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, पेट्रोलला मात्र ही हद्द १२०० सीसीची. त्यामुळे छोटी जिम्नी १४६२ सीसीच्या पेट्रोलपायी ४० टक्क्यांत, आणि दीड लिटर डिझेलची मागच्या चाकावर चालणारी थार १८ टक्क्यांत. म्हणून ती स्वस्त दिसते आणि खूप जण तीच उचलतात. रस्त्यावर रुबाब तोच, पण लो रेंज नाही, पुढची चाकं ओढत नाहीत. चिखलात तिची अवस्था एखाद्या पिकअपसारखी होते. जिम्नी आपल्याकडे फोर बाय फोरशिवाय मिळतच नाही. तुलना करताना किंमत फोर बाय फोर थारचीच धरा. वर महाराष्ट्रात रोड टॅक्स दहा ते वीस लाखांच्या पेट्रोलला १२ टक्के, डिझेलला १४. टायर बदलायची वेळ आली की पंधरा इंची आणि अठरा इंची यांतला फरकही खिशाला जाणवतो.

आणि डिझेलबद्दल एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही: रोज घर ते ऑफिस चार-पाच किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत, एवढंच चालणार असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरत राहतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा माणसाने थार घ्यायचीच तर पेट्रोल घ्यावी.

माझा कल विचाराल तर असा. घरात दुसरी गाडी आहे, रान किंवा वाडी रस्त्यापासून आत आहे, एकटं किंवा दुकटं जायचं आहे, तर जिम्नी. एकच गाडी, लांबचे प्रवास, आणि चिखल वर्षातून काही वेळाच, तर डिझेल थार. आई-वडील नेहमी बरोबर असतील तर तीन दारांची थार नको, एवढं मी ठामपणे सांगतो.

नवी जिम्नी महाग वाटत असेल तर २०२३-२४ च्या वापरलेल्या गाड्यांवर नजर ठेवा. सवलतीत घेतलेल्या आणि हायवेला कंटाळून विकलेल्या बऱ्याच मिळतात, आणि त्यातल्या कित्येकांनी फोर-लो कधी लावलेलाच नसतो. बघायला जाताना पुढच्या चाकांच्या आत वाकून बघा. अ‍ॅक्सलच्या टोकाच्या गोल नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) तेल पाझरलंय का ते तपासा. नंतर सत्तर-ऐंशीच्या वेगात एखाद्या खड्ड्यावरून न्या. स्टिअरिंग हातात थडथडलं आणि थांबलं नाही, तर किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती) आणि टायरचं बॅलन्सिंग बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. शेवटी मोकळ्या मातीवर गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन दांडा खाली दाबून फोर-लो लावा आणि परत टू-एचवर (नेहमीच्या दोन चाकांच्या मोडवर) आणा. दोन्ही वेळा डॅशवरचा दिवा बदलला पाहिजे.